मी मिटवलेलं भांडण

माझी नात अकरा दिवस शाळेत गेली नाही. ताप नव्हता, पाय मुरगळला नव्हता, कुठं लग्न नव्हतं. ती माझ्यामुळं गेली नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण घरात मी हे तोंडानं अजून कबूल केलेलं नाही. लिहिताना समोर कुणाचं तोंड नसतं, म्हणून जमतंय.

मी शिकलो दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की अजून थांबावं लागतं. पण निरवांगीत आमच्या वस्तीवर कुणाचा बांध कोरला, कुणाचं ढोर कुणाच्या मक्यात शिरलं, भावाभावांत पाण्याच्या पाळीवरनं जुंपली, की माणूस मला बोलवायला यायचा. आमच्यात पूर्वीपासूनची एक रीत आहे. दोन्ही बाजू चारचौघांत समोरासमोर बसवायच्या. ज्याला जे बोलायचं ते मोठ्यानं बोलायचं. मग म्हाताऱ्या माणसानं दोघांच्या हातावर गूळ ठेवायचा आणि सगळ्यांनी म्हणायचं, मिटलं. गूळ खाल्ल्यावर तो विषय परत काढणारा माणूस हलका समजायचा. अशी कितीतरी भांडणं मी मिटवली आहेत, आणि मला त्याचा गर्व आहे. होता म्हणा.

दुसरं असं, की मला एका जागी बसायची सवय नाही. आमचं घराणं मेंढरामागं चालणारं. दिवाळी झाली की कोकणाकडं निघायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. मेंढरं गेली, डाळिंब आलं, ठिबक आलं, पण पायातली चाल गेली नाही. गेल्या वर्षी बायको वारली तसं पोरानं शेत माझ्या धाकट्या भावाच्या हवाली केलं आणि मला कन्हेरीला आणलं. पोरगा बारामती एमआयडीसीत दूध पावडरीच्या कारखान्यात आहे, शिफ्टप्रमाणं मोटरसायकल काढतो. सून शिवणकाम करते. दोन खोल्या, पुढं पडवी, पडवीच्या पुढं फाटक. मी दिवसभर पडवीतनं फाटकापर्यंत आणि फाटकातनं पडवीपर्यंत. सून एकदा म्हणाली, "मामा, तुमच्या फेऱ्यांनी फरशी झिजंल." मी म्हणालो, "झिजू दे, घरमालकाची हाय."

नात सहावीत. चौथीपर्यंत ती माझ्याजवळ निरवांगीत होती, वस्तीवरच्या शाळेत. पाचवीला तिला इकडं घातली. दुपारी तिला आणायला मीच शाळेच्या फाटकापर्यंत जायचो. तेवढंच एक काम मला होतं.

मेंढराचं एक असतं. आजारी पडलं की ते ओरडत नाही. आधी कळपाच्या कडंनं चालायला लागतं, मग खाणं सोडतं. मेंढक्या असेल तर त्याला दुसऱ्याच दिवशी कळतं. मला नातीचं कळायला तीन आठवडे लागले. शेजाऱ्यांची एक शेळी होती आमच्या फाटकाबाहेर बांधलेली. मी बघतोय, तर शाळेतनं आली की ही पोरगी दप्तर ठेवायच्या आधी शेळीकडं जाते. एक दिवस मागं जाऊन उभा राहिलो. डब्यातली चपाती-भाजी सगळी शेळीच्या तोंडात.

"आज पण डबा तसाच?"

"भूक न्हवती."

"काल?"

"काल पण न्हवती."

"मेंढरू दोन दिस खाईना झालं तर मी त्याचं तोंड उघडून बगायचो."

"मग बगा माझं," म्हणाली आणि माझ्यापुढं आ करून उभी राहिली. "दात मोजा. म्हातारी झाली असंल तर बाजारात न्या."

मला हसू आलं. तीही हसली, आणि हसता हसताच तिचं तोंड वाकडं झालं. फाटकाशेजारच्या दगडावर बसून मग तिनं सांगितलं. दुपारच्या सुट्टीत ही धरून सहा मुली व्हरांड्यात गोल करून जेवायच्या. त्यातली एक तिची पाचवीपासूनची मैत्रीण. खो-खोच्या संघात मैत्रिणीच्या ऐवजी हिला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ही डबा घेऊन गोलाजवळ गेली की पाचही जणी आपापले डबे उचलून पाच हात पलीकडं सरकायच्या. कुणी शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही. नुसतं सरकायच्या. ही परत जवळ गेली की परत. तीन दिवस तिनं बघितलं, मग ती हात धुवायच्या नळामागं जाऊन उभी राहायला लागली.

"बाईंना सांगितलंस का?"

"वर्गातल्या पेटीत टाकलंय लिहून. नाव न टाकता." मग माझा हात धरला. "आबा, कुणाला सांगायचं न्हाय. मम्मीला पण न्हाय. माझ्या गळ्याची शपथ घ्या."

मी तिच्या गळ्याला हात लावला. शपथ घेतली. पण खरं लिहायचं तर लेकराला दिलेली शपथ म्हणजे त्याला निजवताना सांगितलेली गोष्ट, असंच मी धरत आलो होतो. तिचा गळा माझ्या बोटाखाली गिळत होता, ते मला कळत होतं. आणि त्याच वेळी माझ्या डोक्यात बैठक भरायला लागली होती.

शनिवारी पालकांची सभा होती. पोराची पहिली शिफ्ट, सुनेकडं लग्नाच्या ब्लाउजांची घाई. मी म्हणालो, मी जातो. धोतर धुतलेलं नेसलो, फेटा बांधला. आणि खिशात कागदात बांधून गूळ घेतला. तो गूळ मी घरातनं निघतानाच घेतला होता. सभेत राग आला आणि बोलून गेलो, असं झालेलं नाही.

शाळेच्या मोठ्या खोलीत आम्ही पालक खुर्च्यांवर आणि वर्गातली पोरं समोर सतरंजीवर. बाई तरुण, आवाज मऊ, पण कुणाला भिऊन बोलणारी नाही. त्यांनी सांगितलं की दर बुधवारी त्या वर्गात मनाचा तास घेतात. पोरं गोलात बसतात. ज्याला बोलायचं तो बोलतो, ज्याला नाही बोलायचं तो नुसतं "पुढं" म्हणतो आणि पाळी पुढच्याकडं जाते. कुणी कुणाला हसायचं नाही, कुणी तोडगा सांगायचा नाही. ज्याला गोलातही बोलता येत नाही, त्याच्यासाठी कोपऱ्यात पुठ्ठ्याची पेटी आहे, मनाची पेटी.

"मुलांचं मन घट्ट व्हायला वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "आणि त्याला एकच गोष्ट लागते. आपण सांगितलेलं बाहेर जाणार नाही, ही खात्री."

मी उभा राहिलो.

"बाई, तुमचं समदं बरोबर. पण पेटीत घालून भांडण मिटत न्हाय. झाकलेल्या जखमंत अळ्या पडत्यात. आमच्यात आमी समोरासमोर बसवतो."

"आबा, आपण नंतर बोलू या का? आपण दोघंच?"

"नंतर कशाला? समदी बसल्यातच की." आणि मी मैत्रिणीचं नाव घेतलं. सगळं सांगितलं. डबा, पाच हात, नळामागची जागा, शेळी. माझी नात सतरंजीवर दुसऱ्या ओळीत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, लाजते.

मागच्या खुर्चीवरनं एक पांढरी टोपी उठली. त्या मैत्रिणीचा आजा. कन्हेरीतलाच, तरकारी करणारा, फ्लॉवर-टोमॅटो बारामतीच्या मार्केटला घालणारा. मला वाटलं आता अंगावर येतो. तर तो म्हणाला, "पाव्हणं, आमच्या पोरीची चूक असंल तर कान धरायला आमी हाय. बोलवा दोघींना फुडं!"

"आजोबा, थांबा—" बाई म्हणाल्या.

पण दोन म्हातारे एका सुरात लागले की कोण थांबवणार? दोन्ही पोरी पुढं आल्या. मी कागद सोडला. आधी त्याच्या नातीच्या हातावर गूळ ठेवला, मग माझ्या नातीच्या. "खा," म्हणालो. त्या आजानं म्हटलं, "मिटलं!" मी म्हटलं, "मिटलं!" आणि खुर्च्यांवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं मोबाईल वर धरला होता. ती दुसरी पोरगी रडायला लागली तर तिचा आजा म्हणाला, "रडू दे, रडलं की मन धुवून निगतं."

मग चहा झाला. तो आणि मी शेजारी बसलो. "औंदा तेल्या आला का तुमच्याकडं डाळिंबावर?" त्यानं विचारलं. "आला की, निम्मी बाग खाल्ली." "आमच्याकडं टोमॅटोला बगा पानं वळायला लागली." माणूस मला एकदम आवडून गेला. मला वाटत होतं, मी नसतो तर ह्या पोरी वर्षभर कुढत बसल्या असत्या.

घरी येताना नात माझ्या पुढं दहा पावलं चालत होती. मी जोर केला की ती जोर करायची. लिंबाखाली ती वाकली, हातातला गूळ बुंध्याशी ठेवला, हात फ्रॉकला पुसला आणि परत चालू लागली.

संध्याकाळी पोरगा कामावरनं आला तो हातात मोबाईल धरूनच.

"आबा, हे काय केलंत?"

"भांडण मिटवलं."

"पालकांच्या ग्रुपवर टाकलंय कुणीतरी. अख्ख्या शाळेनं बघितलंय."

"मग चांगलंच हाय की. किती लोकांनी हात जोडल्यात बग त्यात."

पोरानं मोबाईल खिशात घातला. त्याला मी लहानपणी कधी उलट बोलू दिलेलं नाही, ते त्या संध्याकाळी माझ्या पथ्यावर पडलं. तो आत गेला.

सोमवारी नात शाळेत जाऊन आली आणि न जेवताच झोपली. मंगळवारी तिचं पोट दुखत होतं. बुधवारी डोकं. गुरुवारी तिनं कारण सांगायचंही सोडलं, भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. सुनेनं जवळ घेऊन विचारलं तेव्हा एवढंच कळलं, की आता मुली सरकत नाहीत. उलट बोलवतात. "ए गुळाची ढेप, ये की, बस की, न्हायतर तुझा आबा येईल." आणि ती मैत्रीण, जिच्या हातावर मी गूळ ठेवला, ती हिच्याकडं बघतसुद्धा नाही, कारण तिलाही पोरं तसंच म्हणतात.

माझ्याशी ती बोलत नव्हती. रागानं नाही. मी खोलीत गेलो की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची, पाटावरनं मांजर उठून जावं तशी.

मी काय केलं? मी ताठलो. सुनेला ऐकू जाईल असं म्हणालो, "सोसायला शिकली पायजे. आमी काय कमी सोसलं? काट्यातनं, दगडातनं चाललो. ह्या पोरांना जरा कुणी काय म्हटलं की पोट दुखतं."

सुनेनं शिलाई मशीन थांबवलं. ती कधी माझ्यापुढं बोलत नाही. म्हणाली, "मामा, ती सोसतच होती. तीन आठवडे एकटी सोसत होती. तुमी हितनं फुडं काय बोलू नका."

मी चपला घातल्या आणि फॉरेस्टच्या कडंपर्यंत चालत गेलो. परत आलो. परत गेलो. ऊन होतं, पाय भाजत होते, पण घरात शिरायला धीर होईना आणि बाहेर थांबायला जागा नव्हती. त्या दिवसांत मी किती चाललो असेन, तेवढ्यात दोनदा निरवांगी झाली असती.

सातव्या दिवशी बाई स्कूटीवरनं घरी आल्या. नात आत दडून बसली, बाहेर आलीच नाही. बाईंनी जोर केला नाही. दाराशी जाऊन हळू म्हणाल्या, "मी तुला न्यायला आले नाहीये गं. सहज आले." मग पडवीत माझ्यासमोर बसल्या.

"आबा, गेल्या बुधवारी गोलात पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत सगळे 'पुढं' म्हणाले. पाळी फिरून परत माझ्याकडंच आली. पेटी उघडली तर आत चॉकलेटचा कागद."

"भांडणं मिटली असतील मग पोरांची," मी म्हणालो. असा मी.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी भलतंच विचारलं. "तुम्ही किती शिकलात?"

"दुसरी."

"का सोडलीत शाळा?"

"मेंढरं कोकणात निघाली."

हे उत्तर मी आयुष्यभर दिलं आहे. बायकोला, पोराला, मतदानाच्या कामाला आलेल्या मास्तरांना. कुणीही विचारलं की तोंडातनं आपोआप निघतं. पण त्या दिवशी ते बोललो आणि उठून फाटकाची कडी उगाच काढली, परत लावली. बाई चहा न घेता गेल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नवव्या दिवशी पोरगा म्हणाला, तिला दोन दिवस निरवांगीला घेऊन जा, जरा हवापालट होईल. मला वाटलं नात नाही म्हणेल. ती काही न बोलता पिशवी भरून उभी राहिली. वडापच्या जीपनं बारामती, तिथनं एस.टी. ती खिडकीशी बसली आणि अख्खा रस्ता बाहेर बघत होती. मी दोनदा शेंगा पुढं केल्या. तिसऱ्यांदा तिनं घेतल्या.

वस्तीवर तिचा जीव जरा सैल झाला. माझ्या भावाच्या पोरांच्या मागनं बागेत फिरली, दोन भाकरी खाल्ल्या. मी मनात म्हणालो, बघा, हवेचंच होतं. पण दुपारी माझ्या भावाला ती सांगताना ऐकलं, "मी आता हितंच राहणार. मी शाळाच सोडणार हाय." असं म्हणाली, जसं कुणी बाजारला जाणार म्हणून सांगतं. हा आवाज माझ्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी गावात किराणा आणायला दोघं निघालो. फाट्यावर मी नेहमीप्रमाणं ओढ्याच्या अंगानं वळलो.

"आबा, हिकडनं कुठं? सरळ रस्ता जवळ हाय की. शाळेवरनं."

"हिकडनं सावली हाय."

"सावली कुठाय? बाभळी तोडल्या की समद्या. तुमी कायम हिकडनंच नेता. मी हितं शाळेत होती तवा पण फाटकापर्यंत आजीच यायची. तुमी कदीच न्हाय."

ती पहिल्यांदा माझ्याशी एवढं बोलली होती. आणि ते खरं होतं. त्या शाळेची इमारत आता नवी आहे, भिंतीवर चित्रं काढली आहेत, तरी साठ-पासष्ट वर्षं मी त्या रस्त्यानं गेलेलो नाही. ओढ्यातल्या दगडावर बसलो. मी बसलो हेच तिला नवल वाटलं असणार, तीही समोर बसली.

मग मी तिला सांगितलं. बायकोलाही सांगितलं नव्हतं ते.

मी दुसरीत होतो. अंगात एक बंडी, तीही पाठीवर फाटलेली. गुरुजी भले माणूस होते. त्यांच्या मनाला ते बरं वाटेना. एक दिवस प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला पुढं बोलवलं आणि पिशवीतनं शर्ट काढला, निळ्या रेघांचा, घडी घातलेला. सगळ्यांदेखत बंडी काढायला लावली आणि शर्ट माझ्या अंगात घातला, एकेक बटण स्वतःच्या हातानं लावलं. "आपल्या मित्राला टाळ्या वाजवा," म्हणाले. सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. गुरुजींचा पोरगा माझ्याच वर्गात होता. तो शेजारच्याला म्हणाला, "त्यो माझा शर्ट हाय. त्याच्या खिशाला शाईचा डाग हाय बग." आणि सगळी पोरं डाग बघायला माझ्याभोवती आली.

"मग?" नात म्हणाली.

"मधल्या सुट्टीत शर्ट काढला, घडी घातली, माझ्या जागंवर ठेवला. उघडाच घरी आलो. परत गेलो न्हाय."

"गुरुजी वाईट होते?"

"लई चांगले होते. तेच की. वाईट असते तर दगड मारून पळालो असतो, आन दुसऱ्या दिवशी परत गेलो असतो."

"पण तुमी तर म्हणता मेंढरं निघाली म्हणून."

"मेंढरं निघालीच हुती. पण मला आजीजवळ ठेवायचं ठरलं हुतं, शाळंसाठी. मीच रडून मागं लागलो. बा म्हणाला, चल मग."

ती दगडाच्या खाचेत काडी घालत होती. मग काडी टाकली आणि माझ्याकडं बघितलं.

"म्हंजे तुमाला माहीत होतं."

"व्हय."

"कसं वाटतं ते तुमाला माहीत होतं. मग का केलं?"

एवढ्या बैठकी मी केल्या, पण कुणी मला असं विचारलं नाही. दुसऱ्याला विचारायची सवय, स्वतः उत्तर द्यायची नाही. मी म्हणालो, "मी इसरलो हुतो, पोरी. टाळ्या वाजत हुत्या तवा मला चांगलंच वाटत हुतं. गुरुजींना पण वाटलं असंल."

चुकलो म्हणालो नाही. तो शब्द ओठापर्यंत आला आणि तिथंच राहिला. ती वाट बघत होती का, माहीत नाही. ती उठली, फ्रॉक झाडला आणि म्हणाली, "चला. सरळ रस्त्यानं." आम्ही शाळेवरनं गेलो. मी मान खाली घातली होती. तिनं मात्र भिंतीवरची सगळी चित्रं बघितली.

परत येताना एस.टी.त इंदापूरकडची गर्दी होती. उभं राहूनच तिनं माझ्याशी बोलणी केली. बोलणीच म्हणतो मी, कारण तिची तऱ्हा तशी होती.

"मी सोमवारी जाते. पण तुमी न्यायला यायचं न्हाय."

"फाटकापर्यंत तरी?"

"न्हाय. मी सायकलवर जाईन. आन शाळंतलं काय विचारायचं न्हाय. कोण काय म्हणालं, कोण कुठं बसलं, डबा खाल्ला का. काहीच न्हाय."

"एवढं एक इचारू, खाल्ला का तेवढं?"

"न्हाय."

"अगं, मी तुझा आबा हाय."

"म्हणून तर."

शेजारी उभा असलेला एक दूधवाला हसला. "म्हाताऱ्या, पोरगी वकील हुणार बग!" मी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुढच्या स्टॉपला उतरला. पण अट मी मान्य केली. ह्यावेळी तिनं शपथ मागितली नाही. ते मला जास्त लागलं.

सोमवारी ती गेली. मी पडवीत उभा होतो. सायकल वळणावर दिसेनाशी झाली तशी माझे पाय आपोआप फाटकाबाहेर पडले. रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यापर्यंत गेलो आणि स्वतःलाच शिवी देऊन परत फिरलो. दुपारी परत तसंच. दिवस कसा मोठा असतो ते मला त्या आठवड्यात कळलं. मेंढरामागं असताना दिवस पायाखाली संपायचा. आता तो संपतच नव्हता.

मोरीवरच एकदा तो दुसरा आजा भेटला. टोपी मांडीवर काढून ठेवून बसला होता. मला बघून त्याला एकदम जोर आला.

"काय पाव्हणं, मिटलं नव्हं पोरींचं?"

"तुमची काय म्हणती?"

त्यानं टोपी झटकली, परत मांडीवर ठेवली. "काय म्हणती? बोलतच न्हाय माझ्याशी. मोटरसायकलवर मागं बसत न्हाय. आईला सांगती, त्यांना म्हणावं शाळंकडं येऊ नका." मग जरा माझ्याकडं सरकून म्हणाला, "परत एकदा बसवायचं का दोघींना? ह्या बारीला पेढा आणू."

"गप बसा वो," मी म्हणालो. "आता आपुनच बसायचं. हितं मोरीवर."

तो हसला, मीही हसलो. पण दोघांचीही मान शाळेच्या बाजूला वळलेली होती.

नात रोज जाते असं नाही. चार दिवस जाते, पाचव्या दिवशी पोट दुखतं. सून तिला एक दिवस घरी ठेवते, काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी सायकल बाहेर काढून ठेवते. खो-खोच्या संघात ती अजून आहे का, मला माहीत नाही. ढेप म्हणायचं पोरांनी सोडलं का, माहीत नाही. एकदा बाजारच्या रस्त्याला बाई भेटल्या, स्कूटी थांबवून म्हणाल्या, "आबा, या आठवड्यात पेटीत दोन कागद होते." कुणाचे, असं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "बरं झालं," आणि त्या गेल्यावर तिथंच उभा राहिलो, रस्त्याच्या मधोमध, मागनं ट्रॅक्टरवाला हॉर्न देईपर्यंत.

दोन कागदांतला एक तिचा असेल तर? नसेल तर? दोन्हीकडनं जीव सारखाच तुटतो.

परवाची गोष्ट. दुपारी तहान लागली म्हणून मी पडवीतनं आत आलो. स्वयंपाकघरात नात ओट्यावर चढून बसली होती आणि सून कणीक मळत होती. पोरगी आईला काहीतरी सांगत होती, हळू आवाजात, भराभर. हसत होती का रडत होती, मला दारातनं कळेना. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि ती बोलायची थांबली. सुनेनंही मान वर केली. दोघी माझ्याकडं बघत होत्या, वाईट नजरेनं नाही, नुसत्या थांबून.

माठ त्यांच्या मागं होता. मी म्हणालो, "काय न्हाय, सहज आलतो," आणि पाणी न पिताच मागं फिरलो. चपला घातल्या. पडवीची पायरी उतरतोय तोवर आत परत बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता. फाटकाशी तो ऐकू येणं बंद झालं. तरी मी थांबलो नाही, आणखी लांब गेलो, म्हणजे तिला मोठ्यानं बोलायचं असेल तर बोलता यावं.